धाकटीच्या गिटारचे कान

गल्लीत त्याला सगळे कानपिळ्या म्हणायचे. आता हे काय माणसाचं नाव झालं? पण गिटारच्या डोक्यावर तारा ताणायच्या ज्या चाव्या असतात, त्यांना हा गृहस्थ जन्मभर 'कान' म्हणत आला. "तिसरा कान बहिरा झालाय, बदलावा लागेल," असलं ऐकून नवं गिऱ्हाईक बावचळायचं. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे तो आणि त्याची धाकटी बहीण. लग्न दोघांनीही केलं नाही, वेळच कुठे होता!

धाकटी हॉटेलांत, लग्नांत इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिच्या गिटारला हात लावायची कुणाची टाप नव्हती. बिघडली तर दादाने दुरुस्त करावी, पण सूर तिचा तीच लावणार. "तू नुसते कान पिळतोस, सूर कुठे लावतोस?" असं त्याला तोंडावर ऐकवायची. आणि खोटं काय त्यात? बिचाऱ्याला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं.

मग तिच्या अंगावरून वारं गेलं. वाचा वाचली, पाय काठी धरून रडतखडत चालू लागला, पण डावा हात जो मांडीवर पडला तो पडलाच. वाजवताना पट्ट्यांवर तारा दाबायच्या त्या डाव्या हाताने. म्हणजे वाजवणं संपलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कानपिळ्याला कळलं नाही. रोज तेल चोळ, मुठीत रबरी चेंडू कोंब, असा त्याचा सपाटा.

"करंगळी हलली बघ!"

"पंखा चालू आहे, दादा."

एका सकाळी धाकटी म्हणाली, "माझ्या गिटारचे कान बदल. एका हाताने सूर लावता येईल असे बसव."

जुन्या चाव्या आधी अर्धा वेढा फुकट फिरायच्या आणि मग अशा आवळायच्या की दुसऱ्या हाताने गिटारची मान धरल्याशिवाय वळतच नसत. तार छेडून त्याच हाताने चावी गाठावी, तोवर सूर विझायचा. हलक्या फिरणाऱ्या नव्या चाव्या मिळत होत्या, पण त्यांचे दांडे जाड. लाकडातली भोकं मोठी करावी लागणार, आणि मग जुन्या चाव्या पुन्हा तिथे बसणार नाहीत. हे काम त्याने शेकडो गिटारींवर डोळे मिटून केलं होतं. इथे मात्र हातच उचलेना. एका हाताच्या चाव्या बसवायच्या म्हणजे दुसरा हात गेला, हे कबूल करायचं. त्याने नव्या चाव्या आणल्या, खणात लपवल्या आणि रोज सांगत राहिला, "माल आला नाही अजून."

धाकटी काही दुधखुळी नव्हती. काठी टेकत पुढच्या खोलीत आली आणि खण ओढला.

"हा माल काय चालत आला वाटतं?"

"अगं, हात बरा झाला की जुन्याच लागतील तुला. एकदा कोरलेलं लाकूड परत येत नाही."

"हातही येत नाही, दादा. डॉक्टरांना कळलं, मला कळलं, खालच्या लाँड्रीवाल्याला कळलं. तू एकटाच वाट बघतोयस. आणि तुझ्यासाठी मी रोज तो मेला चेंडू दाबल्याचं नाटक करते. दमले रे मी."

त्याने तारा उतरवल्या, मागचे बारीक स्क्रू काढले, जुन्या चाव्या ओढून घेतल्या. लाकडाचा टवका उडू नये म्हणून मशीन न लावता हातानेच कोरणी फिरवली, थोडी पुढून, थोडी मागून. भुसा पडत होता आणि तो नाक ओढत होता. नवे स्क्रू मोडू नयेत म्हणून साबणावर घासले, चाव्या एका रेषेत बसवल्या, तारा ओवल्या आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

तिने उजव्या हाताने तार छेडली आणि सूर हवेत असतानाच चावी वळवली. सूर जरा वर गेला. तिने तो पार खाली उतरवला आणि पुन्हा खालून वर आणला. अशा साही तारा लावल्या. इतक्या चोख की कानपिळ्याच्या जिवात जीव आला. वाजवणं नाही तर नाही, एवढं तरी तिच्या हाती उरलं!

"बघ! रोज अशी लावत जा. मी ऐकत बसेन," तो म्हणाला.

तिने फडक्याने तारा पुसल्या.

"आता ही देऊन टाक. कुणा वाजवणाऱ्याला."

"अगं, मग हे कान कशासाठी बसवून घेतलेस?"

"बेसूर कशी देऊ? शेवटचा सूर माझ्या हातचा हवा होता. तू लावला असतास, तर लोक हसले असते." थट्टा करताना तिचे डोळे कोरडे होते.

कानपिळ्या स्टुलावर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. धाकटीचं रडून केव्हाच झालं होतं. त्याचं आज कुठे सुरू झालं. ती काठी टेकत त्याच्याजवळ गेली आणि त्याचं आवरेपर्यंत उभी राहिली.