लिखआत्याची फणी

लिखआत्याशी बोलायला बसलेला माणूस थोड्याच वेळात पदर नाहीतर टोपी सारखी करायला लागायचा, कारण ती तोंडाकडे बघतच नसे. ती बघायची डोक्याकडे. सोयरे येवोत, ग्रामसेवक येवो, तिची नजर आधी केसांत शिरायची. भाच्यासाठी नवरी बघायला गेली, तर परतताना टमटममध्ये सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पर डाव्या कानामागं हायेत दोन-चार."

तिचं खरं नाव कौसाबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याच बौद्धांच्या आळीत राहायची आणि गावच्या दूध सोसायटीत दूध मोजायची. ती मापाला बसली तेव्हा काही घरांत कुजबुज झाली होती म्हणे. आत्याने ती ऐकलीच नाही. पाठीमागे लोक तिला लिखआत्या म्हणतात हेही तिला पक्कं ठाऊक होतं. "म्हणू द्या की," म्हणायची. "ऊ पळती, म्हणून दिसती तरी. लीख चिटकून ऱ्हाती. मला पळणारीचं भ्या न्हाई, चिटकणारीचं हाय." आमच्या सोसायटीचा चेअरमन पुन्हा पुन्हा निवडून यायचा. त्यालाही ती लीखच म्हणायची.

मी चौथीत होते त्या वर्षी पाऊस झालाच नाही. टँकर आला की घराला दोन घागरी मिळायच्या. प्यायचीच मारामार, तिथे न्हायचं कुठलं? उवांना रान मोकळं मिळालं. त्यात माझे केस म्हणजे बाभळीचं बन, दाट आणि कुरळे. फणी घातली की दात तिथेच राहायचे. शेवटी शाळेत बाईंनी सांगितलं, "डोकं साफ झालं की ये." मी रडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रक येणार होता. आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघालेले, मी आत्याकडे राहणार होते. माझ्या डोक्याचा निकाल लावायला आईकडे एकच दिवस होता. तिने सोसायटीतून गोचिडाचं औषध आणलं, म्हशीला लावतात ते. आत्याने बाटली हिसकावून घेतली. "म्हैस हाय का गं ती? डोळे जातील पोरीचे!" आई भडकली. "मंग करू काय? गोटाच करते!" म्हणत तिने न्हाव्याला बोलावलं. मी लिंबाखाली पोत्यावर बसले, वस्तरा पाण्यात बुडाला, तेवढ्यात आत्याने मला बखोटीला धरून उठवलं.

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलतो आमी," ती आईला म्हणाली. "तिथं आईनं माझा गोटा केला. पोरं टपल्या मारायची. केस आल्याबिगर साळंत जायची न्हाई म्हणले मी. केस आले, साळा गेली ती गेलीच. हिचा एक केस कापायचा न्हाई. तू जा कारखान्याला. मी हाय."

आई डोळे पुसत गेली आणि आमची लढाई सुरू झाली. पाणी नव्हतं, तर आत्याने तेल काढलं. करंजाचं कडूजहर तेल, वासाने कुत्रंही जवळ येत नसे. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी ती माझ्या डोक्याचे वाफे पाडायची. एक वाफा सोडायचा, बाकीचे बांधून ठेवायचे. फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा ओढायची. "एक वाफा निवडल्याबिगर दुसऱ्यात पाय ठिवायचा न्हाई." फणीला न जुमानणारी लीख ती दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यायची. मी बोंबलायचे. "बोंबल," ती म्हणायची, "पर मान हलवू नको." सकाळचं दूध आटोपलं की रोज हेच. मला तिचा राग यायचा, आणि तिच्या गुडघ्यांत बसलं की आईची आठवण जरा कमी यायची, हेही खरं.

अशाच एका दिवशी ती म्हणाली, "ऊ लई शहाणी असती. माणूस जायला निघालं, अंग गार पडाया लागलं, की पयली ती उतरती. डोक्यात ऊ हाय तवर माणूस हाय."

"मग दोन ठेव की माझ्या डोक्यात," मी म्हणाले. सणसणीत टपली बसली.

अखेर डोकं साफ झालं. मी वेणी घालून ऐटीत शाळेत गेले, आणि आठवडा जातो न जातो तोच पुन्हा खाज. मी धाय मोकलून रडले. आत्याने फणी खाली ठेवली. "तुझ्या शेजारी कोण बसतंय?"

चेअरमनची मंदा बसायची. आमच्या दोघींत पुस्तक एक, त्यामुळे डोक्याला डोकं लागलेलं. आत्या तडक चेअरमनच्या दारात गेली. चेअरमनीणबाई उंबऱ्याच्या आत उभ्या राहून म्हणाल्या, "कौसे, असलं आमच्यात नसतं. तुमच्या आळीतलं तुमी बघा." आणि पदराखाली बोट घालून खाजवलं. आत्याने ते बघितलं आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत किटल्यांची रांग लागली तेव्हा तिने सगळ्यांना सुनावलं. "रविवारी समद्या पोरी हितं वट्ट्यावर आणायच्या. एकीचं डोकं साफ करून भागत न्हाई. ज्या घरची पोरगी येणार न्हाई, त्या घरचं दूध मी मापणार न्हाई. दुधात केस घावतो, केसाला लीख असती."

चेअरमन ओरडला, "सोसायटी तुझ्या बापाची हाय का बे?" घाईत तो बाईलाही 'बे' म्हणाला. आत्या माप हातात धरून शांतपणे म्हणाली, "न्हाई. सभासदांची हाय. इचारा त्यास्नी." रांगेतल्या बाया एकमेकींच्या पदराकडे बघायला लागल्या. खाजत तर सगळ्यांनाच होतं!

रविवारी पोरी आल्या. दोन्ही आळींतल्या, वाण्याची, मुलाण्याची, शेवटी मंदाही. बायांनी घरोघरच्या फण्या आणल्या, आत्याने प्रत्येकीला वाफे पाडून दिले आणि दुपारपर्यंत वट्टा करंजाच्या तेलाने घमघमला. सगळे पांगल्यावर चेअरमनीणबाई मागे राहिल्या. त्यांनी सोसायटीचं दार ओढून घेतलं, हळूच पदर खाली घेतला. "माझंबी बघता का, आत्या?" आत्याने मांडी सारखी केली आणि त्या तिच्या मांडीवर डोकं टेकून पडल्या. मी फडकं धरायला होते, म्हणून मला माहीत. आत्याने ते गावात कधी कुणाला सांगितलं नाही.

आई परतली तेव्हा माझी वेणी कमरेला टेकत होती. पुढे मी शिकले, आष्टीला शिक्षिका झाले. माझ्या वर्गातली पोर डोक्यापायी कधी घरी गेली नाही. टेबलाच्या खणात फणी आहे.

आत्या गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी भेटायला गेले होते. अंगावर मांस राहिलं नव्हतं. आपल्या केसांना ती जन्मभर कुणाला हात लावू द्यायची नाही, पण त्या दुपारी तिने माझा हात ओढून डोक्यावर ठेवला. "बघ गं. हाय का एखादी?"

ती काय विचारते आहे ते मला कळलं. कपाळ गार लागत होतं. मी वाफे पाडले, तिने शिकवले तसे. एकात काही नाही, दुसऱ्यात नाही. "कानामागं बघ," ती पुटपुटली.

डाव्या कानामागे एक होती. भाच्याची पोर तिच्या कुशीत झोपायची, त्या पोरीच्या डोक्यातली असणार.

"हाय, आत्या! एक हाय!"

"दाव."

मी नखावर धरून दाखवली. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि हसली. "मंग हाय अजून जरा टाईम."

अंगठ्याचं नख सवयीने पुढे आलं होतं. मी ते मागे घेतलं. ती ऊ परत तिच्या कानामागे सोडली आणि वरून केस सारखे केले.