मुर्ध्याच्या मिठागरात शेठचं विमान

गरिबाची जमीन श्रीमंताला कायम रिकामीच दिसते. सत्तर सालाच्या आसपास एका शेठने भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या मिठागरांकडे बोट दाखवलं, तेव्हा माझा मामा तिथेच गुडघाभर चिखलात उभा होता. शेठला दिसली ती फक्त सपाट जागा. त्याने छोटं विमान घेतलं होतं आणि ते उतरवायला त्याला घरची धावपट्टी हवी होती.

दोन आगरं त्याने लगेच बंद पाडली. पाहुण्यांसमोर विमान नीट उडालं की शेजारचीही घेणार होता. शेजारचं म्हणजे मामाचं.

मी पत्रक काढलं, ‘मीठ कुणाचं, माज कुणाचा?’ भाईंदर स्टेशनाबाहेर पोटतिडकीने वाटलं. लोकांनी त्यात शेंगदाणे खाल्ले.

विमान पहिल्यांदा उतरलं ते बेडकासारखं उड्या मारत. पायलट वैतागला. शेठच्या मुकादमाला म्हणाला, "क्या खड्डे हैं यार, एकदम चिकना करो."

मुकादमाने ते काम मामाला आणि त्याच्या जोडीदारांना दिलं. आणि मामा चक्क तयार झाला.

"मामा, तो तुझ्या पोटावर उठलाय आणि तू त्याची वाट सारवतोस?"

"काम आलंय ना? मंग करायचं. तू जा, पत्रकं वाट."

आता मिठागरात गुळगुळीत करायची रीत एकच. भरतीचं पाणी घ्यायचं, चिखल पायाने तुडवायचा, फळीने चोपायचा आणि उन्हात सोडायचा. वर पापडी धरते, खाली ओल राहते. मिठाला तेवढंच लागतं. सगळ्यांनी जीव ओतून ती पट्टी आरशासारखी केली. विमान मिठापेक्षा जड असतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, मी घोषणा पाठ करत होतो. पायलटाने बांधावरूनच पाहिलं. पांढरे बूट घालून खाली कोण उतरणार? "फर्स्ट क्लास," म्हणाला.

उड्डाणाच्या दिवशी मांडव, हार, सरबत, सगळं होतं. विमान बांधाकडच्या कडक जमिनीवरून ऐटीत सुटलं, चोपलेल्या पट्टीवर आलं आणि पापडी फुटली. चाकं रुतली, नाक चिखलात, शेपूट आभाळात. थांबण्याआधी पंख्याने मांडवातल्या पाहुण्यांना एकजात रंगवलं. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून मी मोकळेपणाने हसलो. पायलट उतरला तो मात्र बुटांशिवाय.

"ये जमीन ही सड़ी हुई है," असं म्हणून शेठ गेला तो परत फिरकला नाही. बंद पडलेली आगरंही पुन्हा पिकवायला मिळाली.

मी त्याच संध्याकाळी नवं पत्रक लिहिलं, ‘कामगारांनी शेठचं विमान जमिनीवर आणलं’. मामाला वाचून दाखवलं. त्याचा चेहराच उतरला.

"म्हंजे आमी दगा केला? मी काय दगाबाज हाय?"

"मामा, तुझं आगर वाचलं त्यात."

"वाचलं ते बरं झालं. पन इतकी चांगली चोपनी मी जन्मात केली न्हाय. काम वाईट केलं असं छापू नको."

चळवळीचं केवढं नुकसान, हे मी त्याला तासभर समजावलं. पत्रक छापलं गेलं नाही.

त्या हंगामात धावपट्टीवर पिकलेलं मीठ पंचक्रोशीत सगळ्यांत पांढरं निघालं. मामाने एक टोपली मुकादमाकरवी शेठच्या घरी पाठवली. काम कसं झालं होतं, ते त्याला कळायला हवं म्हणे. मी कडाडून विरोध केला. टोपली गेलीच.