सौंसरहून आणलेलं जॅकेट

धुतलेलं रायडिंग जॅकेट वाळत घातलं की ओल्या फोमचा वास घरभर पसरतो आणि मला सौंसरमधली ती दुपार आठवते. पांढुर्णा ते सौंसर रोज मोटारसायकलने नोकरीला जाऊन मी थकलो होतो. त्यात एकदा ट्रकने कट मारून मला रस्त्याखाली उतरवलं, तेव्हापासून बायको कोपर-खांद्यांना पॅड असलेल्या जॅकेटसाठी मागे लागली. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून एका अनोळखी माणसाच्या घरी त्याचं वापरलेलं जॅकेट पाहायला आम्ही दोघं गेलो. त्याने ते खाटेवर पसरलं. उजव्या कोपराचं कापड पार घासून गेलं होतं, आतलं पॅड दिसत होतं. मी हळूच म्हणालो, "चाल वं, पडलेल्या माणसाचं नको." बायको मात्र त्याला म्हणाली, "भाऊ, तुमचा हात दाखवा बरं." त्याने बाही वर केली. कोपरावर साधा ओरखडाही नव्हता. "गाडी भंगारात गेली," तो म्हणाला, "मी आता बसनंच येणंजाणं करून राहिलो." बायकोने जॅकेट उचलून माझ्या खांद्यांना लावून पाहिलं. "हेच पाह्यजे आपल्याले." मे महिन्याच्या उन्हात ते अंगात घालताना आजही जीव नकोसा होतो, पण ती दारात असो वा नसो, मी चेन गळ्यापर्यंत ओढून घेतो आणि निघतो.