ऑक्सिजनला तेल चालत नाही

आमच्या मामाइतका तेलाला भिणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल. वाघाला, पोलिसाला, बायकोला भिणारी माणसं असतात. मामाने लग्नच केलं नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याची सगळी भीती एकट्या तेलाला आली. कामणच्या रस्त्याला जी गोदामं आहेत, त्यातल्या एका गॅसच्या गोदामात तो नोकरीला होता. दवाखान्यांना आणि वेल्डिंगवाल्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायचं काम. सिलिंडरच्या तोंडाशी तेलाचा थेंब जरी असला तरी दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तो आगकाडीवाचून पेट घेऊ शकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, आणि त्याने ते जन्माचं मनावर घेतलं. तेव्हापासून डोक्याला तेल नाही. केस नारळाच्या काथ्यासारखे उभे. वडापाव खायचा तो कागदात धरून, आणि वर कपडे धुवायच्या पावडरीने हात धुवायचा. सायकलच्या चेनला तेल घालायला शेजारच्या माणसाला बोलवायचा आणि स्वतः दहा हात लांब उभा राहून सूचना द्यायचा. शेजारी गावाला गेला की ती सायकल अशी रडायची की मामा येतोय हे आम्हाला दोन वळणं आधीच कळायचं. कुणी हसलं तर एकच उत्तर ठरलेलं, ‘ऑक्सिजनला तेल चालत नाही.’

दुसरी खोड टकटक करायची. भरलेला सिलिंडर वेगळा बोलतो आणि रिकामा वेगळा, असं त्याचं म्हणणं, आणि गोदामात पान्याने वाजवून वाजवून ती सवय हाताला इतकी लागली की आगाशीच्या बाजारात कलिंगडं, आमच्या इमारतीची पाण्याची टाकी, डॉक्टरांचं टेबल, काही म्हणून सुटायचं नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्याने मुलाच्या पाठीवर प्रेमाने दोनदा टकटक केलं आणि आत येऊन आईला सांगितलं, ‘ताई, भरलेला आहे, दे मुलगी.’ दिली. माणसांची वर्गवारी पण तो गॅसवरून करायचा. माझे वडील म्हणजे नायट्रोजन. ‘हवेत चारात तीन हिस्से तेच असतात बाय, पण आहेत म्हणून कुणाला जाणवतं का? ते नसते तर तुझ्या आईने केव्हाच पेट घेतला असता.’ आई अर्थातच ऑक्सिजन: सगळं घर तिच्यावर चालायचं, पण ठिणगी पडली की भडका. हेलियमवर मात्र त्याचा राग होता. मॉल आणि वाढदिवस यांचं पेव फुटल्यावर गोदामात तपकिरी रंगाचे हेलियमचे सिलिंडर यायला लागले होते. ‘कुणाशी जमत नाही, कुणाशी बिघडत नाही. ना जळतो, ना जाळतो. फुग्यात भरायच्या लायकीचा गॅस,’ असं मामा म्हणाला की आई भाजी चिरता चिरता म्हणायची, ‘म्हणजे तूच की रे.’

आईला हे बोलायचा अधिकार होता, कारण तिनेच त्याला वाढवला. आजी गेली तेव्हा मामा चार वर्षांचा आणि आई पंधराची. त्यामुळे भाऊबीज ही आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी, आणि दर भाऊबीजेला भांडण ठरलेलं. आमच्याकडची पद्धत अशी की बहिणीने भावाच्या डोक्यावर तेल घालून, उटणं लावून त्याला न्हाऊ घालायचं आणि मग ओवाळायचं. आई विरारच्या आमच्या घरात पहाटेपासून वाटीत खोबरेल कोमट करून बसायची. मामा यायचा, पाटावर बसायचा, आणि डोक्यावर दोन्ही हात ठेवायचा. ‘उद्या ड्युटी आहे ताई.’ उटणं पाण्यात कालवून घ्यायचा, ओवाळून घ्यायचा, करंज्यासुद्धा दुसऱ्याकडून भरवून घ्यायचा, पण तेल नाही म्हणजे नाही. वाटी तशीच परत स्वयंपाकघरात जायची. आई दिवसभर धुमसायची. मग तिच्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप वाजायचा, मग फोडणीत मोहरी कमी आणि ओट्यावर जास्त पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, हा वाढतच जाणार. त्या वर्षी नवरात्रात तिने मामाला साधं विचारलं, ‘बाबू, हात ऐकतायत तोवर एकदा तेल लावू दे रे.’ मामा म्हणाला, ‘तीन वर्षांत रिटायर होतोय ताई. मग घाल बादलीभर.’ आई ओट्यावरची मोहरी गोळा करायला लागली. मला मात्र त्या दिवशी मामाचा खरोखर राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत फुग्यांचं प्रकरण झालं. मामा पापडीला एका खोलीत भाड्याने राहायचा. घरमालकीण आंटीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंगणात मांडव, केक, बँड, सगळा थाट होता, आणि आम्हालाही बोलावणं होतं. मामाने ऐटीत सांगितलं, ‘आंटी, फुगे माझ्याकडे.’ आता ऑक्सिजनवाल्यांचा एक धर्म असतो: माल आदल्या दिवशी पोचलाच पाहिजे, दवाखान्यात ऐन वेळेला धावपळ नको. मामाचा तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. तेव्हा त्याने शंभर फुगे आदल्या दिवशी दुपारीच भरले, प्रत्येक गाठ दोनदा तपासली आणि मांडवाच्या छताला लावून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा शंभरच्या शंभर फुगे सुरकुत्या पडून जमिनीवर लोळत होते. नवरानवरी त्यांतून वाट काढत केकपर्यंत गेले. आंटी म्हणाली, ‘मामा, तुमचा गॅस झोपला काय?’ पाहुणे हसले. मामा मात्र उकिडवा बसून एकेक फुगा उचलून गाठ बघत होता. गाठी जशाच्या तशा घट्ट होत्या. मी त्याच्याजवळ बसले तेव्हा म्हणाला, ‘एवढा बारीक असतो गं हा, रबरातूनच निघून जातो. कितीही घट्ट बांध. ऑक्सिजनसारखा आज भरून उद्यासाठी ठेवायचा गॅस नाही हा.’ मग बराच वेळ तो सुरकुतलेला फुगा हातात धरून बसला. त्याने केकही खाल्ला नाही.

त्या सोमवारी त्याने मालकाला गाठलं आणि ऑक्सिजनवरून काढून मला हेलियमवर टाका म्हणून सांगितलं. मालकाला वाटलं, म्हाताऱ्याला फुग्यांचा अपमान लागला. गोदामातल्या लोकांनी तर त्याला ‘फुगेवाले’ म्हणायला सुरुवात केली. तीस वर्षांचा ऑक्सिजनवाला, आता वाढदिवसांना सिलिंडर पाठवणार. मामाने सगळं ऐकून घेतलं. आणि भाऊबीजेला आमच्या दारात उभा राहिला, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोरीला बांधलेला लाल फुगा. पाटावर बसला आणि हात मांडीवर ठेवले. ‘घाल,’ म्हणाला. आईने विचारलं, ‘आणि ड्युटी?’ ‘हेलियमवर आहे आता. त्याला तेलाचं काय, कशाचंच काही वाटत नाही.’

आईचा हात थरथरत होता, तेल थोडं डोक्यावर, थोडं कानात, बरंचसं माझ्या साडीवर गेलं. तीस वर्षांची तहान होती त्या केसांना. एक वाटी गेली, दुसरी गेली, तरी टाळू कोरडीच. आई चोळत होती आणि रडत होती. तिला हसवायला म्हणून मामाने काय करावं, तर ज्या गोष्टीवरून तो जगाला दम द्यायचा, ‘गॅस प्यायचा नसतो, जीव जाईल,’ तीच केली: फुग्याची गाठ सोडून एक छोटासा घोट घेतला. आणि पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाच्या तोंडून चार वर्षांच्या पोराचा बारीक आवाज आला, ‘ताई, डोळ्यात तेल जातंय.’ आईचे हात थांबले. ‘अगदी असाच ओरडायचा गं हा,’ ती मला म्हणाली, आणि मग इतकी हसली की वडिलांना पेपर खाली ठेवावा लागला. मामाने लगेच मला बजावलं, ‘तू नाही हं करायचंस हे. कधीच नाही.’ तेही त्याच आवाजात, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

आता मामा निवृत्त झालाय. ड्युटी नाही, भीती नाही; रोज चपचपीत तेल लावून, भांग पाडून फिरतो आणि लोक त्याला ओळखत नाहीत. आईच्या हातात मात्र आता वाटी राहत नाही. तरी भाऊबीजेला मामा कोरड्या डोक्याने येतो, तिच्या खुर्चीपाशी पाट ओढतो आणि तिच्या गुडघ्यांना पाठ टेकून बसतो. तेल मी ओतते. आई दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवते आणि ते थरथरत राहतात. ‘तू काही करू नकोस ताई,’ मामा डोळे मिटून म्हणतो, ‘नुसते हात ठेव. चोळलं आपोआप जातंय.’ आई म्हणते, ‘गप बस.’ वाटी संपते, पाणी निवतं, तरी तो उठत नाही, आणि आम्हीही कुणी त्याला ऊठ म्हणत नाही.