पोरीच्या दोन ओळी

आमच्या अंगणवाडीच्या बाई मुलाला मांडीवर घेत, आधी त्याचा दंड चाचपत आणि मग आईला नाही, त्यालाच विचारत, "काल काय खाल्लं रे राजा?" त्या स्वतःच्या मुलीकडे अकोल्याला राहायला गेल्या, त्याला पाच वर्षं झाली. सकाळी अजून तो आवाज येईलसं वाटतं.

माझी नात तेव्हा तीन वर्षांची होती आणि वजनात भरत नव्हती. आमच्या शेतात नुसतं सोयाबीन. पेरणीच्या दिवशी बाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीत मूग आणि बरबटीचं, म्हणजे चवळीचं, बी होतं.

"पोरीसाठी दोन ओळी सोड," त्या माझ्या मुलाला म्हणाल्या.

"सोयाबीन विकून आणतो नं तिले सारं."

"मांगच्या साली काय आणलं होतं?"

मुलानं दोन ओळी मोकळ्या सोडल्या. बाईंनी चपला काढल्या आणि स्वतःच्या हातानं बी टाकलं.

पोळ्यापासून नातीच्या ताटात रोज मुगाचं वरण नाहीतर बरबटीची भाजी असे. दिवाळीआधी वजन केलं, तेव्हा काटा पुढे सरकला होता. मला रडू आलं. बाईंनी शाबासकी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "मूठभर बी ठेवजा, माय. पुढच्या साली दुसऱ्या घरी टाकाचं हाये."