गॅलरीतले दोन टायर

नेरूळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दोन जुने टायर चार महिने पडून होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा हटकलं. "वहिनी, ते काढा बरं, पावसात पाणी साचून डास होतील." मी म्हटलं, पाऊस जूनमध्ये येतो, टायर मेमध्ये जातील. आणि डास झालेच तर आधी मला चावतील, तुम्ही काळजी करू नका. त्यांना काय सांगणार होते? मी ते टायर माझ्या नवऱ्याला दाखवायला ठेवले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नवरा आखातात नोकरीला होता. वर्षातून एकदा, मे महिन्यात, महिनाभराच्या सुट्टीवर यायचा. आमची छोटी पांढरी गाडी बाकीचे अकरा महिने कव्हर घालून खाली उभी असायची. मी उरणच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नेरूळहून दोन बस बदलून जायचं, त्यातली दुसरी कधी यायची याचा काही नेम नसायचा. एका सत्रात सात लेट मार्क झाले. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, असंच चाललं तर पुढच्या वर्षी तुमच्या जागेचा विचार करावा लागेल." ते शांतपणे बोलले ना, त्याचाच मला जास्त राग आला. त्याच आठवड्यात मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. तीन महिन्यांत लायसन्स हातात आलं आणि गाडीचं कव्हर कायमचं निघालं. पहिल्या सोमवारी मी प्रार्थनेच्या आधी पंधरा मिनिटं शाळेत हजर. शिपायाला वाटलं घड्याळ बंद पडलंय.

थोडक्यात सांगायचं तर गाडी होती म्हणून नोकरी होती. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी मिळून माझ्याकडून ती गाडी काढून घ्यायचा घाट घातला.

गाडी आवाज करायची. तिशीत गप्प असायची, पन्नासला काटा गेला की पुढून डावीकडून बारीक घुंईई सुरू व्हायचं आणि वेगाबरोबर वाढत जायचं. मला तो आवाज पहिल्या दिवसापासून येत होता. नवऱ्याला कधी आला नव्हता, कारण तो गाडीत बसला की किल्ली फिरवायच्या आधी टेप लावायचा. मी टेप लावत नसे. नवीन शिकलेलं माणूस कान टवकारून चालवतं, त्यातली मी.

गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, बेअरिंग गेलं. बेअरिंग बदललं, आवाज तसाच. मग म्हणाला, दुसऱ्या बाजूचं असेल. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही असंच एकेक करत डिकीपर्यंत येणार का? आणि गाडी घेऊन निघून आले.

सेक्रेटरींना मात्र निदान लगेच सापडलं होतं. संध्याकाळी मी गाडी लावत असताना ते पार्किंगमध्ये उभे राहून बघायचे. "वहिनी, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवता तुम्ही. टायर खाताय टायर! लेडीज लोकांचं हे असं होतं." आणि एवढ्यावर थांबतील तर ते सेक्रेटरी कसले? नवऱ्यानं मेंटेनन्सच्या कामासाठी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी गाडीच्या तब्येतीचा सगळा अहवाल त्याला देऊन टाकला.

नवऱ्याचा घरी फोन शुक्रवारी रात्री यायचा. त्या शुक्रवारी 'जेवलीस का' वगैरे काही नाही. थेट सुरुवात.

"गाडीला काय केलंयस तू?"

"मी काही केलं नाही. आवाज आधीपासून आहे."

"मी इतकी वर्षं चालवतोय, मला कसा नाही आला?"

"तुम्ही टेप लावता."

"हे बघ, उगाच वाद नको. किल्ली कपाटात ठेव. मी मेमध्ये आलो की विकून टाकू. सेक्रेटरींचे साडू घ्यायला तयार आहेत." मग जरा थांबून, "आणि स्टेपनीला हात लावला नाहीस ना?"

आता ही स्टेपनीची भानगड सांगायला हवी. नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत, अक्षय्य तृतीयेला, एक कोरा टायर घेतला होता. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्यानं तो कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकसकट डिकीत ठेवला. वेळेला असावा म्हणून. आमच्या घरात सगळंच वेळेला असायचं. सोफ्यावर प्लास्टिक, डिनर सेट शोकेसमध्ये, चांगल्या चादरी ट्रंकेत. पाहुणे आले तरी तो डिनर सेट निघत नसे, तेव्हा ती वेळ नेमकी कधी यायची कुणास ठाऊक. रस्त्यावर मात्र चार जुने टायर झिजत होते आणि पाचवा डिकीत झोपून होता.

मी किल्ली कपाटात ठेवली नाही. खोटं कशाला बोलू? "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि शनिवारी सकाळी गाडी काढून शाळेत गेले.

आणि त्याच पंधरवड्यात ते घडलं. उलव्याच्या पुढे, जासईच्या अलीकडे, एका कच्च्या रस्त्यावरून एक म्हातारा सायकलवरून सरळ माझ्यासमोर आला. कॅरिअरवर गवताचा हा एवढा भारा. डावीउजवीकडे बघणं त्याच्या गावीही नव्हतं. मी ब्रेक दाबला. तो पुरायचा नाही असं वाटलं म्हणून हँडब्रेकही सगळा जोर लावून वर ओढला. गाडी किंचाळत, तिरकी होत थांबली. म्हातारा आणि बॉनेट यांच्यात हातभर जागा राहिली होती. त्यानं भारा सावरला, पायडल मारलं आणि गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही! जळक्या रबराचा वास गाडीत भरला होता. मी कडेला थांबून स्टिअरिंग धरून बसले. मग शाळेत पोचले आणि नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीला दुसरा आवाज लागला. मागून, उजवीकडून, धप धप धप. तो कशामुळे आलाय हे मला पक्कं माहीत होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. म्हातारा आडवा आला होता हे सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं एवढंच ऐकलं असतं, की बाईच्या गाडीखाली माणूस येता येता राहिला. मग किल्ली कपाटात नाही, थेट साडूंच्या खिशात.

धप धप वाढत गेलं तसा माझा धीर सुटला. उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर थांबतात तिथं एक टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, कंप्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची टाकी, आणि कमरेएवढ्या ट्रेलरच्या टायरवर उशी टाकून बसलेली मालकीण. पन्नाशीची, नऊवारी घट्ट नेसलेली, तिथल्याच गावची. जमीन बंदराला गेली, त्याच्या पैशांवर हे दुकान उभं राहिलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. हाताखाली दोन गडी होते, पण टायर बघायची ती स्वतः. मी गाडी उभी केली आणि सुरू झाले, "मावशी, आवाज येतोय, गॅरेजवाला म्हणतो बेअरिंग…"

"आदी गारी बंद कर, बाय," ती म्हणाली.

ती पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "हात दे." माझा तळवा तिनं टायरवर ठेवून बाहेरून आत फिरवला. गुळगुळीत लागला. "आता उलटा फिरव." उलटा फिरवला आणि मी चमकलेच. प्रत्येक कड बोटांना अडकत होती, खोबरं खवायची खवणी चाचपावी तशी.

"ह्यो रडतंय," ती म्हणाली. "चाक सरळ नाय तुजं. तिरकं चालतंय नि रबर घासतंय. ह्याला कंदी मागं घेतलेला?"

"म्हणजे?"

"पुडचं मागं, मागचं पुडं. बदलतान ना टायर?"

मी म्हटलं, आमच्याकडे टायर जिथं बसला तिथंच मरतो.

ती खो खो हसली. मी जीव मुठीत धरून विचारलं, "मावशी, मला गाडी शिकून सहा महिने झालेत. हे मी केलं का?"

तिनं पुन्हा एकदा टायरवर अंगठा फिरवला. "सा मयन्यात येवरं नाय होत. ही दोन-तीन वर्साची झीज हाय. आदी कोन चालवायचा?"

"नवरा."

"मंग त्यालाच इचार."

मला तिथं रस्त्यावर नाचावंसं वाटलं. खरंच सांगते. सेक्रेटरी, गॅरेजवाला, शुक्रवारचा फोन, सगळ्यांना एकेक करून तिथं आणून त्यांचे तळवे त्या टायरवर घासावेत असं वाटलं.

तेवढ्यात ती मागच्या उजव्या चाकापाशी गेली होती. चाक फिरवता फिरवता एका जागी थांबली. तिथं नक्षी पार पुसून तळहाताएवढी सपाट जागा झाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"ह्यो मातर तुजा," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"कोन आरवा आला?"

कुणालाच न सांगितलेली गोष्ट या बाईला टायरवरून दिसली होती. मी सगळं सांगितलं. सायकल, भारा, हँडब्रेक. सांगताना रडूच फुटलं. तिनं मला रडू दिलं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "टायर गेला तं गेला. मानूस घरी गेला ना? मंग?"

डिकी उघडल्यावर मात्र ती भडकली. प्लास्टिकमधली, हळदकुंकवाची बोटं अजून शाबूत असलेली स्टेपनी बघून म्हणाली, "अगो बाय, ह्याची काय पूजा करता? रबर हाय, बसून बसून पन मरतंय ता." तिनं स्वतः ते प्लास्टिक टराटरा फाडलं. रडका आणि सपाट असे दोन्ही टायर उतरवले, स्टेपनी पुढे लावली, मी दोन नवे घेतले, त्यातला एक पुढे आणि एक डिकीत. चांगले राहिलेले दोन मागे. दर पाच हजार किलोमीटरला पाचही जणांनी जागा बदलायची, स्टेपनीलासुद्धा रांगेत घ्यायचं, आणि आधी वाशीला जाऊन चाकं सरळ करून घ्यायची, नाहीतर नवा टायरही गाडी खाईल. एवढं सांगून तिनं विचारलं, "जुनं दोन इथंच टाकू?"

"नको," मी म्हटलं. "बांधून द्या."

चाकं सरळ करून वाशीहून परत येताना काटा साठला नेला. काही नाही. इंजिन, वारा, आणि काही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून टेप लावला.

मेमध्ये नवरा आला. विमानतळावरून टॅक्सीनं आला, कारण गाडी बंद आहे असं तो समजून होता. मी तसं समजू दिलं होतं. चहा झाला आणि तो खाली जाऊन गाडी बघून, डिकी उघडून तणतणत वर आला. "किलोमीटरचा काटा किती पुढे गेलाय! आणि स्टेपनी? आईनं पुजलेली स्टेपनी वापरलीस तू? रविवारी साडू यायचेत, त्यांना काय दाखवू?"

"आधी इकडे या," मी म्हटलं, आणि त्याला गॅलरीत पाट टाकून दिला.

त्याचा तळवा धरून मी पहिल्या टायरवर फिरवला. बाहेरून आत. मग आतून बाहेर. त्याची बोटं अडकली.

"हा तुमचा," मी म्हटलं. "तीन वर्षांचा. तुमचा टेप चालू होता तेव्हाचा."

तो भांडेल असं मला वाटलं होतं, मी तयारीतही होते. तो त्या कडांवरून बोट फिरवत राहिला, मग हळूच म्हणाला, "सुट्टीवर आलो होतो तेव्हा डावं चाक एकदा फुटपाथवर चढलं होतं. जोरात. तुला सांगितलं नव्हतं."

मी दुसरा टायर पुढे ढकलला. "आणि हा माझा."

त्या सपाट जागेवर त्यानं अख्खा हात ठेवला. "हे कशानं?"

मी सांगितलं. म्हातारा कसा आला, मी हँडब्रेक कसा ओढला, हातभर जागा कशी राहिली, तो वळून न बघता कसा गेला. तो ऐकत होता आणि त्याचा हात त्या जागेवरून निघत नव्हता.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती तुम्ही."

त्यानं टायर भिंतीला टेकवून ठेवला. "हो," म्हणाला. "घेतली असती."

मग उठून आत गेला आणि सेक्रेटरींना फोन लावला. मी गॅलरीतूनच ऐकत होते.

"साडूंना येऊ नका म्हणावं," तो सांगत होता. "गाडी विकायची नाही. बायको रोज शाळेत घेऊन जाते."