पूर्ण आराम

टायफॉइडचा ताप उतरल्यावर डॉक्टरांनी मला पूर्ण आराम सांगितला, आणि त्या आरामापायी मला डोंगर चढावा लागला.

मी महाडच्या शाळेत मराठी शिकवायचो. (हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढे लाज कुणाची गेली ते कळेल.) बायकोचं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. सासूबाईंच्या जिवाला घोर नको म्हणून बायकोने तिथे निरोप ठेवला, की यांना पूर्ण आराम सांगितलाय. वाण्याने निरोप पोचवताना 'सांगितलाय' तेवढं गाळलं. आता, त्या बाजूला 'आराम हाय' म्हणजे माणूस ठणठणीत बरा झाला.

सासूबाईंनी तर नवस बोलून ठेवला होता. जावयाला आराम पडला की तो स्वतः डोंगरावरच्या देवीला येऊन नारळ फोडेल.

दुसऱ्याच दिवशी त्या दोन्ही मेहुण्यांना घेऊन जीपने दारात हजर! बायको बाजारात गेलेली. मी कॉटवर पेज पीत होतो.

"जावईबापू, आराम हाय ना?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगदी पूर्ण," मी म्हणालो. "डॉक्टरांनीच सांगितलाय."

त्यांनी माझी अलाबला घेतली आणि मेहुण्यांनी मला जीपमध्ये बसवलं. मला वाटलं, हवापालटाला नेतायत. किती प्रेमळ माणसं! डोंगराच्या पायथ्याशी हातात नारळ आला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला अजून आराम करायचाय, असं मी काकुळतीने सांगितलं.

"पडला ना आराम? मग परत कशाला करायचा?" सासूबाई म्हणाल्या.

थोडं चढलो आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला. मेहुण्यांनी वाडीतून डोली आणली. आजारी माणसाला डोंगरावरून खाली दवाखान्यात न्यायची ती डोली. तिच्यातून बरा झालेला माणूस वर चालला होता. वाटेत एका म्हातारीने विचारलं, काय झालंय यांना?

"काय नाय गो," मेहुणा धापा टाकत म्हणाला, "आराम पडलाय."

म्हातारीने मला हात जोडले.

वर मी नारळ आपटला, पण तो फुटला नाही. मीच खाली बसलो. मग सासूबाईंना सगळं उमगलं. माझं डोकं मांडीवर घेऊन त्या रडल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? डोळे पुसून त्या देवीकडे वळल्या.

"आई, यांना खराखुरा आराम पडू दे. मग डोलीतनं नाय, चालवत आणीन."

अजूनही त्यांचा फोन आला, की मी आधी थोडं खोकून घेतो.